परसबागेचा पेरा रोहिणीत

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातली शेते नांगरून, वखरून तयार असतात आणि काम मात्र थांबलेले असते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला तिचे भाकीत सांगितले जाते आणि ऐकायला आलेल्यांचा पहिला प्रश्न पाऊस कधी येणार हाच असतो. जिथे वर्षाचा पाऊस साधारण साडेसातशे मिलिमीटर आणि तोही बहुतेक चार महिन्यांत पडून जाणारा, तिथे मृगाची वाट पाहणे हा शहाणपणाच आहे. पण हा शहाणपणा शेताचा आहे. तो घरामागच्या दोन-तीनशे चौरस फुटांच्या परसबागेला जसाच्या तसा लावला जातो आणि तिथे तो नुकसान करतो. दोडका, दुधी, कारले, काकडी, गंगाफळ या वेलांची आळी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे साधारण 25 मे ते 7 जून या पंधरवड्यात, बादलीच्या पाण्यावर पेरावीत, पहिल्या पावसाची वाट पाहू नये, असे माझे म्हणणे आहे. त्यामागची कारणे आणि या म्हणण्याला कुठे मर्यादा पडते तेही या प्रकरणात मांडतो.

आधी शेताचा नियम कशावर उभा आहे ते पाहू. कृषी विभाग आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी जूनमध्ये एकच गोष्ट बजावतात: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाईपर्यंत सोयाबीनची पेरणी करू नका. एखाद्या वळवाच्या सरीवर भुलून पेरले आणि पुढे दोन आठवडे पावसाने दडी मारली, की उगवलेले कोंब करपतात. मग दुबार पेरणी आणि बियाण्या-खताचा दुप्पट खर्च. हे टाळण्याचा दुसरा मार्ग कोरडवाहू शेतकऱ्याजवळ नसतो, कारण एका एकरावर फक्त इंचभर पाणी द्यायचे म्हटले तरी लाखभर लिटर लागते. उलट सहा आळ्यांना रोज प्रत्येकी तीन लिटर पाणी घातले, तर दिवसाला अठरा लिटर होतात, म्हणजे एक मोठी बादली. पंधरा दिवसांचे मिळून पावणेतीनशे लिटर. ज्या एका कारणासाठी शेताने थांबायचे, ते कारण परसबागेत उरतच नाही. थांबायचे कशासाठी, हा प्रश्न मग नव्याने विचारावा लागतो.

बी उगवायला ओल, हवा आणि ऊब लागते. भोपळावर्गातली बियाणी उबेची भुकेली. मातीचे तापमान 25 ते 35 अंशांच्या दरम्यान असले की ती पाच-सहा दिवसांत वर येतात. रोहिणीत ऊब भरपूर असते आणि ओल आपण बेताने देऊ शकतो. मृगाच्या पावसानंतर गणित उलटे होते. आपली काळी माती चिकणमातीची. ती भिजली की फुगते, तिच्यातली पोकळी बुजते आणि बियाला हवा मिळेनाशी होते. सलग दोन दिवस झड लागली तर आळ्यातले बी फुगून सडते आणि उगवलेच तर जमिनीलगत देठ काळा पडून रोप आडवे होते. शिवाय ओल्या काळ्या जमिनीत कुदळ चालवली की नुसती ढेकळे निघतात. वाफसा येईपर्यंत हात लावता येत नाही आणि वाफसा येतो तोवर पुढची सर येते. आषाढात ‘अजून आळी करायची राहिलीत’ हे वाक्य इतक्या घरांत ऐकू येते, त्याचे कारण आळस नाही. मातीच काम करू देत नाही.

उजेडाचा हिशेब तर याहून महत्त्वाचा आणि तोच सहसा विसरला जातो. आपल्या अक्षांशावर 21 जूनच्या आसपास दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो, पण वेलाला मिळणारा उजेड घड्याळावर ठरत नाही, ढगांवर ठरतो. मेच्या स्वच्छ उन्हाच्या मानाने जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीवर पोचणारी सूर्याची ऊर्जा एक तृतीयांशाहून अधिक घटते. मृगानंतर पेरलेला वेल आपले पहिले चार आठवडे, म्हणजे पाने आणि मुळे वाढवण्याचा काळ, ढगाखाली काढतो. रोहिणीत पेरलेल्या वेलाला त्याच अवस्थेत दोन-तीन आठवडे लख्ख ऊन मिळते. पाऊस येतो तेव्हा त्याची मुळे फूटभर खोल गेलेली असतात, चार-सहा पाने झालेली असतात आणि पहिल्या पावसातले पाणी तो खऱ्या अर्थाने वापरू शकतो. सातारा भागातले आले उत्पादक अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गड्डे लावतात तेही याच हेतूने: पावसाळा सुरू होईपर्यंत कोंबाने जमीन धरलेली असावी.

आता ताटाकडून मागे मोजत येऊ. उन्हाळी भाज्या जूनअखेर संपतात, पावसाळी भाज्या बाजारात जोमाने यायला ऑगस्ट उजाडतो आणि मधल्या आषाढात खामगाव असो की चिखली, आठवडी बाजारात भाव चढलेलेच असतात. पुढे श्रावण, पोळा आणि भाद्रपदात ऋषिपंचमी. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही, माणसाने हाताने पिकवलेलेच लागते. म्हणजे ती खरे तर परसबागेचीच भाजी: दोडका, गंगाफळ, काकडी, भेंडी, माठ, अळू. हा सण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो. दोडक्याला पेरल्यापासून पहिली तोडणी यायला 50 ते 60 दिवस लागतात, दुधी आणि कारल्याला साधारण तितकेच किंवा आठवडाभर जास्त, काकडीला 45 ते 50. गंगाफळ पिकायला मात्र 100 ते 120 दिवस हवेत. जूनच्या अखेरीस पेरलेले गंगाफळ ऋषिपंचमीला हिरवेच असणार आणि पितृपक्षातही ते पिकेल याची खात्री नाही. रोहिणीत पेरलेले त्या वेळी देठ वाळून उतरवायला आलेले असते. दोडक्याचे पाहा: 26 मेला पेरला तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पहिली तोडणी, 22 जूनला पेरला तर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. हे चार आठवडे म्हणजे भाजी सगळ्यात महाग असण्याचे चार आठवडे. ज्या घरात आठवड्याच्या बाजाराचे पैसे मोजून ठेवावे लागतात, तिथे हा फरक लहान नाही.

पेरण्याची रीत मात्र पावसाळी रीतीहून वेगळी आहे आणि ती न पाळल्यामुळेच पुष्कळदा ‘उन्हाळ्यात काही उगवत नाही’ असा ग्रह होतो. दीड फूट रुंद, फूटभर खोल खड्डा घ्यावा, त्यातली माती दोन घमेली चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून परत भरावी, पण जमिनीच्या पातळीपेक्षा चार बोटे खालीच ठेवावी. म्हणजे घातलेले पाणी आळ्यातच मुरते. आदल्या संध्याकाळी आळे भरपूर भिजवावे. कारल्याचे बी जाड सालीचे, ते रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी उन्हाआधी दीड इंच खोल चार बिया टोचाव्यात आणि वर कोरड्या मातीचा पातळ थर द्यावा. यानंतरची गोष्ट सर्वात महत्त्वाची: आळ्याच्या पश्चिम बाजूला पऱ्हाट्या किंवा तुराट्या तिरप्या रोवाव्यात, जेणेकरून दुपारी बारा ते चार या वेळात आळ्यावर विरळ सावली पडेल. मेच्या दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग हाताला चटका बसेल इतका, पन्नास अंशांच्याही वर तापतो, पण सावलीतल्या ओल्या मातीत दीड इंचावर ऊब बियाला मानवेल इतकीच राहते, कारण पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. उगवण झाल्यावर दोन सशक्त रोपे ठेवून बाकीची कापावीत, उपटू नयेत, नाहीतर शेजारच्या रोपाची मुळे हलतात. आणि मृग बरसला की लगेच आळ्याचे रूप पालटायचे: खोलगट आळ्यात भोवतालची माती ओढून बुंध्याला भर द्यायची, म्हणजे जे आळे कालपर्यंत पाणी धरत होते तेच आता पाणी बाहेर काढून देईल. हा बदल एक पाऊसभर जरी लांबला तरी बुंधा कुजतो. पऱ्हाट्या उपटून टाकू नयेत, त्याच पुढे मांडवाला चढायला कामी येतात.

पहिला आक्षेप उन्हाचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव इथे मेमध्ये पारा 43-44 अंशांपर्यंत जातो, मग कोवळे रोप तगेल कसे? आक्षेप खरा आहे, पण सबंध जिल्ह्याला सारखा लागू नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि पूर्णेचे खोरे त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर. घाटावर आणि घाटाखाली दुपारच्या तापमानात तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या घाटावरच्या तालुक्यांत रोहिणी लागताच पेरावे, तर मलकापूर-खामगाव पट्ट्यात आठवडाभर थांबून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. तोवर वळवाची एखादी सर येऊन हवा थोडी मऊ झालेली असते. उन्हाने रोप मरते असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा ते पाण्याच्या अनियमिततेने मेलेले असते: एक दिवस आड भसाभस पाणी, मधे कोरडे. रोज सकाळी थोडे, हा क्रम मोडला नाही तर सावलीतले वेलाचे रोप 42 अंशांतही दुपारी माना टाकते आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होते.

दुसरा आक्षेप पाण्याचा आणि तो जास्त गंभीर आहे. मेअखेरीला जिल्ह्यातल्या कित्येक गावांत टँकर येत असतो. 2018 साली तलावांतला गाळ काढण्याची मोठी मोहीम या जिल्ह्यात हाती घ्यावी लागली, ती हौसेने नाही. पिण्याच्या पाण्यावर वेल वाढवा असे कोणी सांगणार नाही आणि मीही सांगत नाही. पण त्याच घरात रोज तांदूळ-डाळ धुतल्याचे, भाजी धुतल्याचे, पिण्याचे भांडे विसळल्याचे पाणी निघते. चार-पाच माणसांच्या घरात ते दहा-बारा लिटर होते आणि न्हाणीचे निराळे. त्यात चार आळी निर्धास्त जगतात. फक्त कपड्यांच्या साबणाचे पाणी आळ्यात जाऊ देऊ नये. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि सोडियम काळ्या मातीचा शत्रू आहे: तिचे कण सुटे होतात, पाणी मुरणे थांबते आणि वाळल्यावर माती दगडासारखी होते. ज्या घरी हे दहा लिटरही निघत नाहीत तिथे आळी दोनच करावीत. दोन आळी रोहिणीत केली तर ती सहा पावसाळी आळ्यांआधी भाजी देतात.

तिसरा आक्षेप जाणत्या शेतकऱ्यांकडून येतो आणि त्याला मी सर्वात जास्त मान देतो. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरून काढली. तेव्हापासून मान्सूनपूर्व कपाशी लावू नका असे कृषी विभाग सतत सांगतो आणि गेल्या काही वर्षांत जून उजाडण्याआधी शेतकऱ्यांना बियाणे विकण्यावर निर्बंधही आले. त्यामागचे शास्त्र सरळ आहे. सुप्तावस्थेतल्या अळ्यांपासून मे-जूनमध्ये पतंग बाहेर पडतात, तेव्हा शेतात पात्या-फुले नसली तर त्यांना अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते. आगाप कपाशी ही जागा पुरवते. मग आगाप परसबागही असेच करणार नाही का? वेलांच्या बाबतीत, नाही. बोंडअळी भोपळावर्गावर जगत नाही. पण भेंडी आणि अंबाडी कपाशीच्याच कुळातल्या आहेत आणि बोंडअळ्यांना त्या चालतात. त्यामुळे जिथे घराला लागून कपाशीचे शिवार आहे तिथे भेंडी रोहिणीत पेरू नये, कपाशीबरोबरच पेरावी. परसबागेच्या चार शेंगांसाठी शेजाऱ्याच्या पाच एकरांना धोका पत्करायला लावणे योग्य नाही. वेलांचे खरे शत्रू दोन: लाल भुंगे आणि फळमाशी. लाल भुंगा उन्हाळ्यातही असतो, हे मान्य केले पाहिजे. तो कोवळी दलपत्रे चाळणीसारखी करतो, पण पाच-सहा पाने झालेल्या वेलाचे फारसे बिघडवू शकत नाही. सहा आळ्यांवर सकाळी गारव्यात सुस्त बसलेले भुंगे हाताने टिपता येतात किंवा पहिले दोन आठवडे जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आळ्यावर ताणून बसवता येतो. शेतात यांतले काहीच शक्य नसते. फळमाशीचा जोर हवेतल्या दमटपणाबरोबर वाढतो आणि पानांवरचा केवडाही झडीच्या दिवसांत पसरतो. लवकर पेरलेला वेल हा जोर वाढण्याआधी दोन-तीन तोडण्या देऊन मोकळा होतो. जी फळे डागाळतात ती उकिरड्यावर न टाकता दीड फूट खोल पुरावीत, एवढी शिस्त मात्र हवी.

सगळेच रोहिणीत पेरावे असा याचा अर्थ नाही आणि इथे घाई करणाऱ्यांना आवरावे लागते. मेथी, पालक, कोथिंबीर यांना ही ऊब सोसत नाही. कोथिंबिरीचे बी तापलेल्या जमिनीत उगवतच नाही, उगवले तर महिन्याच्या आत फुलावर येते. त्यांचे दिवस पोळ्यानंतरचे. वालाच्या गावरान वेलाला घाईचा फायदा नाही, कारण दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही. मेमध्ये लावा नाहीतर जुलैमध्ये, शेंगा दिवाळीच्या आगेमागेच. तो वेल उगाच मांडव अडवून बसतो आणि दोडक्याची जागा खातो. वांगी, मिरची, भेदरे यांचे बी मात्र याच पंधरवड्यात टाकावे, पण कायमच्या जागी नाही. सावलीत, एका टोपलीत किंवा फुटक्या माठाच्या बुडात रोप तयार करावे. महिना-सव्वा महिन्याचे, वीतभर उंचीचे रोप पुनर्वसू लागताना, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पावसाळी हवेत लावले की मरतूक जवळजवळ होत नाही. हळद, आले आणि अळूचे कंद याच दिवसांत न्हाणीजवळच्या ओलसर कोपऱ्यात पुरून टाकावेत. त्यांना वेलांइतकी निगराणीही लागत नाही.

पाऊस लांबला तर काय, हे विचारणे साहजिक आहे. जून कोरडा गेला तर शेतात बियाण्याचे हजारो रुपये मातीत जातात आणि परसबागेत मूठभर बी. म्हणून पेरताना निम्मे बी राखून ठेवावे. वेल टिकले नाहीत तर आर्द्रा लागल्यावर, जूनच्या चौथ्या आठवड्यात, तीच आळी पुन्हा पेरता येतात. खड्डा खणलेला असतो, खत मुरलेले असते, म्हणजे त्या पेऱ्यालाही इतरांपेक्षा चांगली जमीन मिळते. खानदेश-वऱ्हाडात धूळपेरणी करणारे कापूसवाले शेतकरी कोरड्या मातीत बी टाकून पावसावर जुगार खेळत आले आहेत. बादली हाताशी असलेल्या परसबागेला त्या जुगाराची गरज नाही.

एका ठिकाणी मात्र हा सगळा युक्तिवाद अडतो, तो खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली बरीच गावे त्यात येतात. तिथल्या विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी मेमध्ये आळ्यात घातले तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पंधरा दिवसांत मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी धरते आणि पानांच्या कडा जळून रोप बसून जाते. अशा गावात विहिरीच्या पाण्यावर रोहिणीचा पेरा करू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वान धरणाच्या योजनेचे गोडे पाणी ज्या घरात नळाने येते त्यांनी भाजी-डाळ धुतलेल्या गोड्या पाण्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत दोन-दोन बिया लावाव्यात आणि पिशव्या ओसरीच्या सावलीत ठेवाव्यात. एका पिशवीला रोज पेलाभर पाणी पुरते. आळी आधी खणून, खत भरून उघडी ठेवावीत. मृगाच्या दोन चांगल्या पावसांनी वरच्या थरातले क्षार खाली धुऊन गेले की तिसऱ्या दिवशी वाफसा पाहून पिशवी ब्लेडने चिरावी आणि मातीचा गोळा न फुटू देता रोप आळ्यात बसवावे. वेलाची मुळे दुखावलेली सहन होत नाहीत, त्यामुळे रोप तीन आठवड्यांहून जास्त पिशवीत ठेवू नये. घाटावरच्या मानाने ही भाजी आठ-दहा दिवस उशिरा येईल, पण आषाढात थेट पेरलेल्या आळ्याच्या बरीच आधी येईल.